खासगी अकाउंटच्या आत कोण शिरलं होतं

माझं इन्स्टाग्राम अकाउंट पहिल्यापासून खासगी आहे. मी विनंती स्वीकारल्याशिवाय कुणाला एक फोटो दिसत नाही. साताऱ्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी, सुट्टीला यवतेश्वर नाहीतर सज्जनगड, पाऊस ओसरला की कास, वर्षातून एकदा मामांकडे औंधला यमाईच्या यात्रेला. फोटो असतात ते एवढ्याचेच. म्हणून अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲपला पहिला मेसेज आला, 'कासचे फोटो सुंदर आहेत, निळा रंग तुम्हाला शोभतो,' तेव्हा ते फोटो कुणाकुणाला पाठवले होते ते मी आठवत बसले. कुणालाच पाठवले नव्हते. फक्त स्टोरीला टाकले होते, आणि स्टोरी चोवीस तासांत उतरलीही होती.

'आपण कोण?' असं विचारलं, उत्तर नाही. डीपीला सूर्यास्ताचं चित्र. नंबर घरात, लॅबमध्ये कुणाकडेच सेव्ह नव्हता. मग जानेवारीत, औंधहून परत आले त्या रात्री: 'यात्रा छान झाली ना? यमाईची ओटी भरलीत का?' मी लिहिलं, 'मी तुम्हाला ओळखत नाही. मला पुन्हा मेसेज करू नका.' आणि नंबर ब्लॉक केला. दुसऱ्या नंबरवरून मेसेज सुरू झाले.

त्यांत शिवी नव्हती, अश्लील काही नव्हतं, धमकी नव्हती. घरी वाचून दाखवले तर काका म्हणाले, "कौतुकच करतोय की, कशाला एवढं मनावर घेतेस?" काकांचा राग आला नाही, कारण नुसते वाचले तर ते मेसेज तसेच दिसतात. पण ज्याचं नाव-गाव माहीत नाही असा कुणीतरी आपल्या प्रत्येक रविवारचा हिशेब ठेवतोय, हे एकदा कळलं की झोप उडते. लॅबमधून स्कूटीवर घरी येताना मी आरशात मागच्या गाड्या बघायला लागले. पोवई नाक्यावर कुणी मोबाइल वर धरला की छातीत धस्स व्हायचं.

लॅबमध्ये सांगितल्यावर पहिला सल्ला मिळाला तो ॲपचा. रिसेप्शनवरच्या मुलाकडे तसलं एक ॲप होतं, तुमचं प्रोफाइल चोरून कोण बघतं ते सांगणारं. त्याच्या स्क्रीनवर गोल फोटोंची रांग, दोन-तीन चेहरे स्पष्ट, बाकी सगळे धूसर. धूसर चेहरे बघायचे तर दर आठवड्याला पैसे भरा. पहिला चेहरा त्याच्या कॉलेजमधल्या एका मुलीचा होता आणि ती आपलं प्रोफाइल रोज बघते यावर त्याचा पुरता विश्वास बसला होता.

माझ्या अकाउंटचा पासवर्ड मी त्या ॲपला देणार नव्हते, पण ते नेमकं करतं काय ते बघायचं होतं. आमच्या कामात नमुना तपासण्याआधी कोरा नमुना चालवतात. ज्यात काहीच नाही त्यातही यंत्राने आकडा दाखवला तर त्या यंत्रावर विसंबायचं नाही. तसंच केलं. घरात पडून असलेल्या जुन्या मोबाइलवर नवा ईमेल काढला, नवं अकाउंट उघडलं. फोटो नाही, खरं नाव नाही, फॉलोअर एकही नाही. त्यावरून रेसिपीची दोन-तीन पानं तेवढी फॉलो केली आणि त्याचा पासवर्ड ॲपला दिला. लगेच निकाल आला: गेल्या चोवीस तासांत तुमचं प्रोफाइल अनेकांनी पाहिलं. अकाउंट उघडून अर्धा तासही झाला नव्हता. स्पष्ट दिसणाऱ्या चेहऱ्यांमध्ये एक थालीपीठवालं पान होतं, मी नुकतंच फॉलो केलेलं.

माझा मामेभाऊ, आमचा दादा, हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याला हे कळवलं तेव्हा त्याने फोनवर नीट उलगडून सांगितलं. प्रोफाइल कुणी उघडून पाहिलं ही माहिती इन्स्टाग्राम आणि फेसबुक बाहेरच्या कुठल्याही ॲपला देतच नाहीत. फेसबुकच्या मदतीच्या पानावर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. मग ॲप नावं आणतं कुठून? आपणच दिलेल्या पासवर्डने ते आपल्या जागी आत शिरतं. आपण कुणाला फॉलो करतो, आपल्याला कोण लाइक करतं ते उचलतं आणि तीच नावं पत्त्यांसारखी पिसून आपल्यासमोर मांडतं. पैसे जातात ते वेगळेच. खरा धोका पुढचा. पासवर्ड हाती आल्यावर त्या ॲपला आपल्या चॅट दिसतात, आणि आपण ज्यांना फॉलो करतो त्यांची खासगी अकाउंटही दिसतात.

हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर मी फोन बाजूला ठेवून रिसेप्शनकडे गेले. तो मुलगा माझा फॉलोअर होता. म्हणजे माझं अकाउंट मी कितीही खासगी ठेवलं तरी त्याच्या हातून त्या ॲपला माझे फोटो दिसू शकत होते. केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीने फेसबुकवरच्या लोकांची माहिती त्यांना न विचारता मिळवल्याचं प्रकरण २०१८ मध्ये गाजलं तेव्हा फेसबुकने भारताचे आकडे दिले होते: व्यक्तिमत्त्व चाचणीचं ते ॲप आपल्याकडे ३३५ जणांनी घेतलं होतं आणि त्यांच्यामुळे ज्यांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती ते होते सुमारे ५ लाख ६२ हजार. तेव्हा पेपरात वाचून सोडून दिलं होतं. रिसेप्शनवरच्या मुलाने माझ्यासमोर ॲप काढून टाकलं, पासवर्ड बदलला, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केली, आणि इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या ॲप आणि वेबसाइटची यादी असते तीही रिकामी केली. नुसतं ॲप डिलीट करून भागत नाही. दिलेली परवानगी आणि जुना पासवर्ड दोन्ही मोडावे लागतात.

व्हिडिओत आणखी एक युक्ती सांगतात. संगणकावर फेसबुक उघडायचं, पानाचा मूळ कोड बघायचा, त्यात ठरावीक शब्द शोधायचा, की आकड्यांची रांग सापडते. तेच तुम्हाला बघणारे. दादाने ते आधीच तपासलेलं होतं. ती चॅटच्या यादीतल्या मित्रांची ओळख-क्रमांकांची रांग असते. आपण ज्यांच्याशी बोलतो ते वर येतात. बघणाऱ्यांशी तिचा संबंध नाही.

माझ्या वयाच्या लोकांना हे खरं वाटत नाही, त्याला कारण ऑर्कुट आहे. कॉलेजात असताना ऑर्कुटवर आपल्या पानावर नुकतं कोण येऊन गेलं ते दिसायचं. ते २०१४ मध्ये बंद झालं, पण सवय राहिली. कुठेतरी असं बटण असणारच असं वाटत राहतं. लिंक्डइनवर आजही आहे, तरी तिथेही बघणाऱ्याने खासगी पद्धत निवडली की त्याचं नाव येत नाही. व्हॉट्सॲपचा डीपी कोण बघतं ते कळत नाही. स्टेटस कुणी पाहिलं ते कळतं, पण ज्याने निळ्या टिकांची सोय बंद केलीय त्याचं नाव त्या यादीतही दिसत नाही. इन्स्टाग्रामच्या पोस्ट आणि प्रोफाइल कोण बघतं ते कळायला मार्ग नाही. उरते फक्त स्टोरी.

आणि माझ्या बाबतीत तेवढी पुरेशी होती. अकाउंट खासगी असल्यावर स्टोरी बघणारा प्रत्येक जण माझ्या फॉलोअरच्या यादीतलाच असणार. चोरून स्टोरी दाखवणाऱ्या वेबसाइट असतात, पण त्या उघड्या अकाउंटवरच चालतात. म्हणजे बघणारा बाहेर उभा नव्हता. त्याला आतलं दिसत होतं, तर एक तर तो स्वतः आत होता, नाहीतर आतलं कुणी त्याला पोचवत होतं, नाहीतर माझंच अकाउंट दुसरीकडे कुठे उघडं होतं. दादाने या तीन शक्यता कागदावर लिहून घ्यायला लावल्या आणि म्हणाला, "एकेक खोडत जा. आणि आता नवा नंबर आला तर ब्लॉक करू नकोस."

शेवटची शक्यता आधी घेतली. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये पासवर्डच्या विभागात आपण कुठल्या कुठल्या मोबाइलवर लॉगइन आहोत त्याची यादी मिळते. माझ्या यादीत माझाच मोबाइल होता, पण गावाचं नाव मुंबई. मी मुंबईला गेलेच नव्हते. हातपाय गार पडले. दादाने समजावलं की ते गाव मोबाइल कंपनीच्या इंटरनेट पत्त्यावरून अंदाजाने लिहिलेलं असतं; साताऱ्यातल्या मोबाइलचं इंटरनेट मुंबई-पुण्यातून बाहेर पडलं की तेच गाव दिसतं. मोबाइलचं मॉडेल आणि वेळ जुळते का ते बघायचं. दोन्ही जुळत होतं. लॅबचा संगणकही यादीत नव्हता. व्हॉट्सॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी रिकामी. ईमेलही साफ. ती शक्यता खोडली.

मग स्टोरी. बघणाऱ्यांची यादी स्टोरी टाकल्यापासून ४८ तासांपर्यंतच दिसते, नंतर जाते. त्यामुळे कासच्या वेळची यादी कधीच गेलेली होती. मी नव्याने सुरुवात केली. फॉलोअरचे तीन गट पाडले: नातेवाईक, लॅब आणि कॉलेजचे, शाळेचे. 'क्लोज फ्रेंड्स'ची यादी आपल्याला हवी तशी बदलता येते आणि कुणाला टाकलं, कुणाला काढलं हे त्यांना कळवलं जात नाही. एका वेळी एकच गट त्यात ठेवायचा, एक स्टोरी टाकायची. ती उतरली, यादीचे स्क्रीनशॉट घेतले की गट बदलायचा. फोटो सगळे जुने वापरले. आपण आत्ता कुठे आहोत ते त्या माणसाला कळू द्यायचं नव्हतं.

नातेवाइकांना सज्जनगडाच्या पायऱ्यांचा फोटो. काही आलं नाही. लॅब आणि कॉलेजला मोती चौकातल्या कंदी पेढ्यांचा. काही आलं नाही. शाळेच्या गटाला चार भिंतीवरून दिसणारा सातारा, दिवे लागताना. मी आईसोबत मेथी निवडत बसले होते. टिंग वाजलं. नवा नंबर: 'संध्याकाळी चार भिंतीवर एकट्या जात जाऊ नका. काळजी वाटते.'

आईने माझ्या हातातून मोबाइल घेऊन ते वाचलं आणि उठून पुढचं दार लावून आली. दिवसाउजेडी आमच्याकडे पुढचं दार कधी लावत नाहीत.

शाळेचे माझे फॉलोअर फार नाहीत. गावातल्या शाळेतली दहावीची बॅच, त्यातले निम्मेअधिक इन्स्टाग्रामवर नाहीतच. प्रत्येक नाव ओळखीचं होतं. इथे एक गोष्ट उपयोगी पडली जी मला आधी माहीत नव्हती. आपली सगळी माहिती कंपनीकडून मागवता येते. सेटिंगमधून अर्ज करायचा, तयार झाली की ईमेल येतो आणि एक झिप फाइल उतरवून घेता येते. तिच्यात फॉलोअरच्या यादीत प्रत्येक नावापुढे त्याने फॉलो केल्याची तारीख आणि वेळ असते. ॲपमध्ये ही तारीख दिसत नाही. संगणकावर ती यादी उघडली. शाळेतली बहुतेक नावं कितीतरी वर्षांपूर्वीची, एकमेकांना शोधत आलेली. एकच नाव गेल्या ऑगस्टमधलं.

ती माझ्या शेजारच्या बाकावर बसायची. प्रोफाइलला गेट-टुगेदरमधला तिचा फोटो, शाळेचं नाव, गावाचं नाव, सगळं बरोबर. विनंती आली तेव्हा मला आनंदच झाला होता. तिने कधी एक लाइक दिली नव्हती, कधी बोलली नव्हती, स्टोरी मात्र एकही चुकवलेली नव्हती. प्रोफाइलच्या वरच्या तीन टिंबांत 'अबाउट धिस अकाउंट' असतं. तिथे अकाउंट कधी उघडलं तो महिना दिसतो. ऑगस्टच. आणि युजरनेममध्ये तिच्या आडनावातला एक 'ए' जास्त.

फोन लावला. "तू इन्स्टाला आहेस का गं?"

"कुठलं इन्स्टा! पोराच्या शाळेच्या ग्रुपनेच जीव नकोसा झालाय. का गं?"

तिला सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या नावाने?" माझ्या मनात तोवर फक्त माझाच विचार होता. तिच्या चेहऱ्याआडून कुणी अनेक महिने माझ्याकडे बघत होतं, यात तीही तेवढीच लुबाडली गेली होती. तो गेट-टुगेदरचा अल्बम फेसबुकवर उघडा होता, कुणीही बघावा असा. फेसबुकने भारतात २०१७ मध्ये प्रोफाइल फोटो कुणी उतरवून घेऊ नये म्हणून त्याचा गार्ड आणला आणि २०२० मध्ये पूर्ण प्रोफाइल लॉक करायची सोय दिली. अल्बम टाकणाऱ्या वर्गमित्राच्या ते गावीही नव्हतं. त्या रात्री आमच्या बॅचच्या ग्रुपवर सगळ्यांनी आपापल्या याद्या तपासल्या. तेच खोटं अकाउंट आणखी दोघींकडे होतं. त्यातल्या एकीला त्याने मेसेजही केला होता, माझ्याबद्दल: 'हिचं लग्न ठरलं का गं?' ती बिचारी मैत्रिणीशी बोलतोय समजून मोकळेपणी बोलली होती. 'नाही गं, मध्ये एक स्थळ आलं होतं, हिनेच नकार कळवला.'

आईकडे स्थळांची एक वही आहे. आलेल्या प्रत्येक स्थळाचं गाव, कुणी सुचवलं, पत्रिका जुळली का, बघायचा कार्यक्रम झाला का, आणि शेवटी होकार-नकार कुणाकडून. ऑगस्टच्या आधी आमच्याकडून नकार गेलेलं स्थळ एकच होतं. जुलैत ते लोक येऊन गेले होते. मुलगा शांत वाटला होता, बोलणं नम्र होतं, सारखं 'तुम्ही, तुम्ही'. वडिलांनी फोन करून रीतसर, न दुखावता नाही सांगितलं होतं.

आणि मग आईने वहीतून माझा बायोडाटा काढला. त्या कागदाकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा परक्याच्या नजरेने पाहिलं. जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ. रास, नक्षत्र, देवक. शाळेचं नाव, दहावीचं साल. लॅबचं नाव, कामाची वेळ. घरचा पूर्ण पत्ता. मामांची नावं आणि गाव: औंध. माझा मोबाइल नंबर, आणि कोपऱ्यात साडीतला फोटो. वर गणपती. हा कागद पीडीएफ होऊन किती वधू-वर ग्रुपवर फिरला होता त्याचा आम्हाला पत्ताच नव्हता. आत्या, काकू, मंडळाचे लोक, ज्याने मागितला त्याला दिला होता. शाळा आणि साल मिळालं की बॅचचा अल्बम मिळतो, अल्बममधून मैत्रीण मिळते, मैत्रिणीच्या नावाने माझं दार उघडतं. मी इन्स्टाग्रामला कुलूप लावून बसले होते आणि माझी सगळ्यात सविस्तर प्रोफाइल व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होत होती. हे माझ्या एकटीचं नाही. लग्नाच्या वयाच्या प्रत्येक मुलीचा असा कागद महाराष्ट्रभर फिरतोय, आणि तो कुणी उघडला याची नोंद कुठेच होत नाही.

दादा आणि बाबा दोघेही त्याच रात्री त्याच्या गावी जायला निघाले होते. मी अडवलं. आमच्याकडे संशय होता, पुरावा नव्हता. वहीतली एक नोंद आणि बोलायची ढब यावरून कुणाच्या दारात जाऊन बसता येत नाही. आणि तोच असला तर अकाउंट पुसून मोकळा झाला असता.

जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात आम्ही गेलो. तिथल्या महिला अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: "अकाउंट रिपोर्ट केलंय का अजून?" नाही म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. रिपोर्ट करून अकाउंट उडालं की आपल्या हातातलं सगळं जातं. आधी त्या प्रोफाइलची लिंक, पूर्ण युजरनेम, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट, स्टोरीच्या याद्या, व्हॉट्सॲपचे सगळे मेसेज नंबरांसह, आणि ती झिप फाइल जशीच्या तशी. चॅट पुसायची नाही, मोबाइल विकायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना त्यांनीच दिला. शाळेतली मैत्रीणही सोबत आली होती. तिची तक्रार वेगळी घेतली, कारण तिच्या ओळखीचा वापर हा तिच्यावरचा गुन्हा आहे: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६(सी), आणि तोतयेगिरी करून फसवण्यासाठी ६६(डी). दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

माझ्या तक्रारीसाठी त्यांनी भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ वाचून दाखवलं. १ जुलै २०२४ च्या आधी हेच दंड संहितेत ३५४(डी) होतं, २०१३ मध्ये आलेलं. त्यात दोन भाग आहेत. बाईने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही पुरुषाने पुन्हापुन्हा संपर्क साधणं, हा एक. दुसरा भाग मी त्यांना पुन्हा वाचायला सांगितला: बाईच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर नजर ठेवणं. पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केलं तर पाच. म्हणजे ज्याला काका कौतुक म्हणत होते, माझ्या तोंडून ज्याचं वर्णनच नीट होत नव्हतं, त्याचं नाव कायद्यात लिहिलेलं होतं. 'मला पुन्हा मेसेज करू नका' हा माझा जानेवारीतला मेसेज त्यांनी पेन्सिलने खूण करून वेगळा काढला. पहिल्या भागासाठी तोच महत्त्वाचा.

तो माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला असण्याची शक्यता होती, म्हणून तिकडे पाठवतील की काय अशी धास्ती मी मनात घेऊन गेले होते. पाठवलं नाही. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते आणि त्यांना ती घ्यावी लागते. घरून cybercrime.gov.in या पोर्टलवर तक्रार करण्याऐवजी थेट ठाण्यात गेलेलं बरं का, असंही मी विचारलं. दोन्ही चालतं, म्हणाल्या. पोर्टलवर तक्रार टाकली तरी ती शेवटी जिल्ह्याकडेच येते, पण कागद घेऊन समोर बसलं की प्रश्नोत्तरं लगेच होतात. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, माझ्यासारख्या तक्रारीत त्यावर वेळ घालवायचा नाही. आणि कुणी प्रत्यक्ष मागे येतंय असं वाटलं तर ११२.

पुढचं काम आपल्याला दिसत नाही. अकाउंट कुठल्या नंबरवर उघडलं, कुठल्या इंटरनेट पत्त्यावरून चाललं, ही माहिती कंपनी आपल्याला देत नाही; पोलिसांनी कायदेशीर मागणी केली की त्यांना देते. काही आठवडे नुसती वाट बघण्यात गेले. मी स्टोरी टाकत राहिले, निरुपद्रवी, जुन्या. अकाउंट चालू राहावं म्हणून. तो काळ सगळ्यात कठीण होता. समोरचा बघतोय हे माहीत आहे, तोही कोण हे जवळजवळ माहीत आहे, आणि आपण फुलांचे फोटो टाकतोय.

सिमकार्डं दुसऱ्यांच्या नावावर निघाली. पण ती सगळी आणि ते अकाउंट एकाच मोबाइलपर्यंत पोचलं, आणि मोबाइल आईच्या वहीतल्या त्याच माणसाचा होता. त्याला बोलावलं तेव्हा तो म्हणाला म्हणे, की मी तिला काही वाईट बोललो नाही, फक्त बघत होतो. अधिकाऱ्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मला समाधान वगैरे वाटलं नाही. त्याला खरंच वाटत होतं की बघण्यात काय आहे. नकार मिळाल्यावर त्याने हात लावला नाही, शिवी दिली नाही, दारात आला नाही. या सगळ्याचं श्रेय त्याला हवं होतं. आणि माझे सहा-सात महिने, माझ्या मैत्रिणीचं नाव, आईचं लावून घेतलेलं दार, हे त्याच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

पुरावा हातात आल्यावर मैत्रिणीने आपल्या नावाचं खोटं अकाउंट रिपोर्ट केलं. तोतयेगिरीची तक्रार ज्याचं नाव वापरलंय त्याने स्वतः केली की लवकर ऐकली जाते. तिचं इन्स्टाग्रामवर अकाउंट नव्हतं, तरी ओळखपत्र जोडून फॉर्म भरता येतो. २०२१ च्या आयटी नियमांनी अशा तक्रारींवर कंपन्यांना ठरावीक तासांत कारवाई करायला लावलेली आहे. अकाउंट दुसऱ्या दिवशी दिसेनासं झालं.

बायोडाटा आम्ही नव्याने केला. शाळा नाही, साल नाही, लॅबचं नाव नाही, पत्त्यात फक्त 'सातारा', मामांचं आडनाव आहे पण गाव नाही, आणि फोन नंबर बाबांचा. फोटो कागदावर नाहीच. बोलणं पुढे गेलं तर दाखवू. आत्याने आधी नाक मुरडलं, "एवढं लपवल्यावर स्थळं येतील का?" म्हणाली. आई तिला म्हणाली, "येतील. आणि नाही आली तर नाही आली." आता आत्या स्वतःच्या मुलीचाही तसाच करून मागतेय, आणि जुनी पीडीएफ ज्या ग्रुपवर होती तिथून काढायला ॲडमिनच्या मागे लागलीय. दोन ग्रुपवरून निघाली. बाकीच्यांचे ॲडमिन फोन उचलत नाहीत.

दोषारोपपत्र दाखल झालंय. तारीख पडली की मैत्रीण आणि मी दोघी जाणार आहोत, तिची साक्ष आधी आहे.